धरणाच्या पोटातली नळी

मित्रांनो, गाळाच्या धरणाच्या माथ्यावर गुडघाभर उंचीची, झाकण घातलेली एक लोखंडी नळी दिसते ना, तीच मी. वर दिसतं ते नुसतं माझं डोकं. बाकीची मी धरणाच्या पोटात उभी आहे.

हे धरण पिण्याच्या पाण्याचं नाही. खाणीतला दगड दळून धातू काढला, की मागे पातळ, राखाडी गाळ उरतो. तो या भिंतीमागे साठवतात. भिंत फुटली तर तो खालच्या वस्तीवर धावून जाईल. म्हणून धरणाचा आराखडा करणाऱ्या इंजिनियरबाई फार हट्टी होत्या.

"बाई, भिंत एवढी जाड आहे," खाणीचे साहेब म्हणाले. "तिला या नळ्या कशाला टोचताय?"

"भिंत बाहेरून ठणठणीतच दिसते, साहेब. पाणी आतून चढतं. तिच्या पोटात काय चाललंय, हे विचारायला वाट नको?"

साहेब कुरकुरले, पण बाईंनी आराखड्यातली एकही नळी खोडली नाही. भिंतीत भोक पाडून मला उभं केलं. माझ्या तळाशी बारीक छिद्रं आहेत. भिंतीत जेवढं पाणी चढतं, तेवढंच माझ्यात चढतं. माझ्या तोंडापासून पाणी तेव्हा नऊ मीटर खाली होतं. बाईंनी बजावलं, "हे अंतर आठच्या खाली आलं, तर त्याच दिवशी गाळ सोडणं बंद."

मोजायला एक काका येत. सगळे त्यांना फीतमामा म्हणत. ते माझं झाकण काढून फीत खाली सोडत. टोक पाण्याला टेकलं, की फितीला वर जोडलेली डबी पिपाणीसारखी वाजे. मग मामा आकडा लिहीत आणि फीत पुसून गुंडाळत. ऊन असो की वारा, सात वर्षं त्यांनी एक सोमवार चुकवला नाही. पाहुणे आले, की साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "ही आमची नाडीपरीक्षा." मला तेव्हा फार बरं वाटे.

पुढे गाळ वाढला आणि धरण दोन मीटर उंच केलं. माझ्या डोक्यावर दोन मीटरचा नवा तुकडा बसवला. त्या गडबडीत दोन महिने मला कुणी विचारलं नाही. मग मामा आले, फीत सोडली आणि आकडा लिहिला, साडेनऊ.

साहेब खूश झाले. "पाणी अर्धा मीटर उतरलं! मामा, तुमचा हात गुणाचा."

मित्रांनो, पाणी उतरलं नव्हतं. माझं तोंड वर गेलं होतं. दोन मीटर वजा करा बघू. साडेसातच उरतात. पाणी दीड मीटर चढलं होतं, आणि मी ओरडू शकत नव्हते. पुढच्या सोमवारीही तोच आकडा लिहिला गेला. साहेबांनी धरण आणखी उंच करायचं ठरवलं आणि सहीसाठी बाईंना बोलावलं.

बाईंनी वहीतला आकडा वाचला, पण पेन उघडलं नाही. "मामा, माझ्यासमोर एकदा मोजा."

मामांनी फीत सोडली. बाई माझ्याशेजारी मातीत बसल्या. त्यांचं बोट माझ्या कोऱ्या रंगावर थांबलं. सात वर्षांच्या नळीचा रंग उडालेला असायला हवा होता.

"हा तुकडा कधी जोडला?"

"धरण उंच केलं तेव्हा."

"मग आकड्यातून तो वजा केलात का?"

मामांनी वहीतच साडेनऊतून दोन वजा केले. "बाई, खालच्या वस्तीत माझी ताई राहते."

साहेब म्हणाले, "एका नळीच्या शब्दावर खाण बंद ठेवायची?"

"शेजारच्या दोन नळ्याही मोजू. त्यांचेही तुकडे वजा करून," बाई म्हणाल्या. "पण गाळ आत्ता थांबवा. सही आज होणार नाही."

तिन्ही नळ्यांनी एकच साक्ष दिली. वस्तीतली माणसं त्याच दिवशी उंचावरच्या शाळेत हलवली. गाळावर साठलेलं पाणी पंपांनी उपसलं. भिंतीच्या पायथ्याशी आधी वाळू, मग खडी आणि तिच्यावर मोठा दगड रचला. पाण्याला वाट मिळाली आणि भिंतीला टेकू. बाई रोज हजर असत. मामा रोज मोजत आणि आता हिशेब मोठ्याने बोलून दाखवत.

एकदा त्यांची ताई दम खात वर आली. "सात वर्षं मोजतोस, आणि कुठून मोजायचं तेच विसरलास?"

"विसरलो गं ताई."

"मग आता मोज. मी बसलेय."

चार महिन्यांनी अंतर पुन्हा नऊ झालं, तुकडा वजा करून. तेव्हाच माणसं घरी परतली.

आता खाण बंद आहे. यंत्रं गेली, साहेब गेले. मामा थकले. माझ्याभोवती गवत वाढलंय. परवा दोघं जण म्हणत होते, "आता कशाला मोजायचं? ही नळी कापून टाकू." मित्रांनो, खाण संपली, पण गाळ इथेच आहे आणि खाली घरंही आहेत. आकडा लिहाल तेव्हा तो कुठून मोजला, तेही लिहा. चांगला आकडा आला, तर आनंदाआधी एकदा पुन्हा मोजा. मला गंज चढला तरी मी खरं तेच सांगेन. तुम्ही झाकण उघडून विचारत राहा.