गुपचूप आलेली पक्की दाढ

मी एक दाढ. खालच्या ओळीत, डाव्या बाजूला, सगळ्यांच्या मागे माझं बिऱ्हाड आहे. आमच्या जातीला कोणी सहसा बोलतं करत नाही. आम्ही ठणकलो, तरच आमची आठवण होते.

माझी मालकीण ठकी. ती जन्मली तेव्हाच तिच्या जबड्याच्या हाडात माझी घडण सुरू झाली होती. सहा वर्षं मी आतच होते. मग हिरडी फोडून वर आले. नेमका तेव्हाच ठकीचा पुढचा एक दात पडला आणि सगळं घर त्या खिंडारावर लट्टू झालं. मी आल्याची कुणाला खबरबात नाही. उजवीकडे माझी जुळी बहीण उगवली होती. तिचीही तीच गत.

ठकीच्या बाबांचं केस कापायचं दुकान आहे. खुर्चीत चुळबुळ न करणाऱ्या मुलाला ते बरणीतली एक चिकट गोळी देत. ठकी शाळा सुटली की तिथेच येऊन बसे. ती पडली मालकाची लेक. तिला चुळबुळ करूनही गोळी मिळे. गोळी विरघळून जाई, पण तिचा चिकटा माझ्या खाचांत ठाण मांडून बसे. दाढेचा माथा सपाट नसतो, त्याला घड्या असतात.

ठकीचा ब्रश आमच्यापर्यंत पोचतच नसे. पुढच्या दातांवरून दोनदा फिरवला, आरशात हसून बघितलं, की संपलं. आई सकाळच्या पाळीला कारखान्यात गेलेली, बाबा दुकान उघडायच्या घाईत.

"दात घासलेस का गं?"

"हो!"

एवढ्यावर भागे. माणसं मुलांच्या चपला उलट्या आहेत का ते वाकून बघतात, तोंडात मात्र बघत नाहीत.

पुढे माझ्या खाचेत तपकिरी रेघ उमटली. बहिणीला तर खड्डाच पडला. एकदा ठकी खदखदून हसली, तेव्हा तो आईला दिसला.

"अहो, हिची मागची दाढ काळी पडलीय. दाखवून आणू या."

"दुधाची असेल," बाबा म्हणाले. "पडणारच आहे. पडणाऱ्या भिंतीला कुणी रंग देतं का?"

आईला ते पटलं नव्हतं. पण पाळ्या बदलत गेल्या आणि विषय मागे पडला.

ठकी डाव्या बाजूनेच चावू लागली. सगळा भार माझ्यावर आला. मग एका सकाळी तिचा उजवा गाल टम्म सुजला, अंगात ताप भरला आणि तिने ताटली पुढे सरकवून दिली. बाबांनी दुकान बंद ठेवलं. दोघं तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाईंनी आरसा आत घातला. "ही दुधाची नाही. पक्की दाढ आहे."

"पक्की कशी?" बाबा म्हणाले. "हिची तर अजून एकही दाढ पडली नाही!"

"म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही. ही कुणाला पाडून येत नाही. सहाव्या वर्षी मागच्या मोकळ्या जागेत गुपचूप उगवते. वाचवण्याजोगी राहिलेली नाही."

आधी औषधांनी सूज उतरवली, मग बहिणीला काढलं. ठकी बाबांचं बोट आवळून बसली होती. कापसाचा बोळा चावतच तिने विचारलं, "बाबा, परत येईल ना?"

बाबांनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. त्याच म्हणाल्या, "नाही गं बाळा. ही नाही येणार."

बाबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आई त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

माझी कीड वरवरची होती. ती खरवडून बाईंनी मला भरलं. वरच्या ओळीतल्या आमच्या दोन पक्क्या बहिणी शाबूत होत्या. त्यांच्या खाचांवर पातळ थर चढवून किडीच्या वाटाच बंद केल्या. मग आईबाबांना सांगितलं, "रोज दोनदा, फ्लोराइडची पेस्ट, वाटाण्याएवढीच. घासून झालं की थुंकायचं. लगेच खळखळून चूळ भरायची नाही. रात्री घासल्यावर तोंडात पाण्याशिवाय काही नको. गोड खायचं ते जेवणाबरोबर, दिवसभर चघळत बसायचं नाही. आणि अजून काही दिवस ब्रश तुमच्या हातात."

आता सकाळी आणि रात्री बाबाच ठकीची हनुवटी धरतात.

"मान वर. हलायचं नाही."

"बाबा, गुदगुल्या होतात!"

"गिऱ्हाइकाने बोलायचं नसतं."

ब्रश माझ्या मागपर्यंत येतो. मी भरलेली आहे, पण धड आहे. चावते, दळते. उजवीकडची जागा रिकामी आहे. ठकी अभ्यास करताना तिथे जीभ घालून बघते.

माझं मागणं मोठं नाही. घरात सहा वर्षांचं मूल असेल, तर त्याला उजेडात उभं करा, आ करायला सांगा आणि पार मागे बघा. आम्ही आलेल्या असू.