घरी पोचवणारा पिंजरा

"दार पडलं की आधी चादर टाकायची. बोलायचं मग."

काकूंचं हे सांगणं माझ्या तारातारांत बसलं आहे. अजूनही कुणी मला नुसतं उचललं, तरी तो मऊ, हळू आवाज मला ऐकू येतो.

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. पोपटाचा नव्हे आणि उंदराचाही नव्हे. मी मांजराचा पिंजरा आहे. मांजर शेपटी लांब करून उभं राहील एवढी माझी लांबी. एका बाजूला वरून खाली पडणारं दार, दुसऱ्या बाजूला पक्की जाळी, आणि त्या जाळीजवळ जमिनीलगत एक पत्र्याची पट्टी. खाऊच्या वासाने मांजर आत येतं, पट्टीवर पाय देतं आणि मागे दार पडतं. बस, एवढंच माझं यंत्र.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. मला बनवून घेतलं ते एका बेकरीवाल्याने. "मांजर जिवंत राहायला हवं," तो वेल्डरला म्हणाला, "पण पुन्हा दिसता कामा नये." त्याच्या बेकरीत भट्टीची ऊब होती आणि पिठाच्या पोत्यांमागे उंदीर होते. मांजरांना आणखी काय हवं असतं? तो मांजर पकडायचा, मला सायकलला बांधायचा आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर दार उघडायचा. जाताना मी भरलेला असे, येताना रिकामा. ते रिकामं येणं मला कधीच आवडलं नाही. मागे वळून पाहणारे ते डोळे मी अजून विसरलेलो नाही.

आणि गंमत बघा, एवढं करून बेकरीतली मांजरं काही कमी होईनात. एक बोका गेला की दोन नवे हजर. ऊब तीच, उंदीर तेच. जागा रिकामी झाल्याची बातमी मांजरांना कोण देतं, देवच जाणे. शेवटी बेकरीवाला कंटाळला आणि त्याने मला भिंतीवरून शेजारच्या अंगणात उतरवलं. "घ्या वहिनी," तो हसत म्हणाला, "तुमच्या लेकरांना पाळणा."

ते अंगण काकूंच्या लॉन्ड्रीचं होतं. पुढच्या खोलीत इस्त्रीची टेबलं, मधल्या खोलीत कपडे धुण्याची आणि पिळण्याची मशिनं, मागे वाळत घातलेल्या चादरींच्या रांगा. त्या चादरींच्या सावलीत मांजरं पसरलेली असत. सकाळची आणि संध्याकाळची प्रार्थना झाली की काकू त्यांना खाऊ घालत. त्यांच्या तोंडी घास पडल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही, हा काकूंचा रोजचा नेम. ताप असला तरी तो कधी चुकला नाही.

पण नेम पाळता पाळता मांजरं वाढत गेली. "वहिनी, पुण्य तुम्ही करता आणि मुततात ती माझ्या पोत्यांवर," असं बेकरीवाला भिंतीवरून ऐकवायचा.  काकूंना वेगळंच दुःख होतं. दर खेपेला जन्मणाऱ्या पिल्लांपैकी कितीतरी पिल्लं डोळे चिकटून, कुडकुडून मरत. आया हाडकुळ्या होत आणि त्या सावरायच्या आत पुन्हा गाभण राहत. काकू प्रार्थनेत विचारत, "देवा, मी जेवू घालते आणि ही अशी जातात. माझं कुठे चुकतं?"

उत्तर मिळालं ते जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडून. "घास द्याच, काकू," त्या म्हणाल्या. "पण आता पाळणाही थांबवा. एकेक मांजर माझ्याकडे आणा. मी ऑपरेशन करते, शुद्धीवर आलं की तुम्ही घेऊन जा. जिथून आणलंत तिथेच ठेवा, म्हणजे नवी मांजरं तिथे शिरायची नाहीत."

अशा रीतीने बेकरीवाल्याने थट्टेने दिलेला पाळणा खरोखरीचे पाळणे थांबवायच्या कामी लागला. माझे ते सुखाचे दिवस. काकूंनी माझ्यासाठी एक चादर ठेवली होती. कुणी गिऱ्हाईक न्यायला विसरलेली, निळ्या काठाची, धुऊन धुऊन मऊ झालेली. दार पडलं की मांजर घाबरून जाळीवर नाक आपटतं. वरून चादर पडली, अंधार झाला की ते शांत बसतं. मग काकू हळूच बोलत, "बाळा, फार लांब जायचं नाही. तुला परत आणीन." ऑपरेशन झालेल्या मांजराच्या डाव्या कानाचं टोक डॉक्टरीणबाई भूल असतानाच जरासं कापत. तेवढ्या खुणेवरून कळे, की याला आता पुन्हा पकडायचं नाही.

एकच गोष्ट काकूंना जड जाई. मांजर आत यायचं तर ते भुकेलं हवं, आणि ऑपरेशनलाही रिकामं पोट लागतं. म्हणजे आदल्या संध्याकाळी अंगणात खाऊ नाही. मग नेमाप्रमाणे काकूही जेवत नसत.

"ऑपरेशन मांजराचं आणि उपास तुझा," त्यांचा पुतण्या म्हणायचा. "डॉक्टरीणबाईंनी कान तुझाच कापायला हवा."

हा पुतण्या लॉन्ड्रीचा टेम्पो चालवायचा. त्याचा आवाज इतका मोठा, की सगळे त्याला भोंगा म्हणत. मनाने सोनं, पण साधं "येतो" म्हणाला तरी मांजरं भिंतीवर चढायची.

हळूहळू अंगणात कापलेल्या कानांची मांजरं दिसू लागली. ती भांडत नसत आणि छान गुबगुबीत झाली होती. "यंदा माझी पोती कोरडी आहेत हो वहिनी," बेकरीवाला म्हणाला. "आणि उंदीर औषधालाही नाही. ही कानकापी मंडळी राहू देत." त्या दिवशी त्याने मला फडक्याने पुसलं. अशी शाबासकी कोणाला नको असते?

राहिली होती ती करडी. रंगाने करडी म्हणून करडी. फार हुशार. खाऊकडे लांबून पाही आणि निघून जाई. मध्येच काही दिवस ती दिसली नाही, आणि एका सकाळी आपणहून माझ्यात शिरली. एवढी भूक तिला का लागली असेल, हा विचार काकूंच्या मनात आला नाही, कारण तेवढ्यात पिळण्याच्या मशिनचा पट्टा तुटला होता आणि लॉन्ड्रीभर पाणी झालं होतं. दर वेळी त्या स्वतः रिक्षाने जात. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी मला भोंग्याच्या टेम्पोत ठेवलं.

भोंगा मला दवाखान्यात देऊन कपडे पोचवायला पुढे गेला. डॉक्टरीणबाईंनी करडीला तपासलं आणि काकूंना फोन केला. "हिला दूध आहे. पिल्लं कुठेतरी लपवलेली असणार. आज ऑपरेशन नको, लगेच परत न्या."

काकूंनी हातातली बादली तिथेच टाकली. मशिन दुरुस्त करणारा ठोकाठोक करत होता. त्यांनी भोंग्याला फोन लावला आणि त्या आवाजात कसंबसं सांगितलं, "आधी करडीला सोडून ये. बाकी सगळं नंतर."

मित्रांनो, आपल्या बोलण्यातला हा शब्द किती फसवा आहे पाहा. लेकीला शाळेत सोडतात, पाहुण्यांना घरी सोडतात, आणि नकोशा जिवालाही कुठेतरी सोडूनच देतात. काकूंच्या मनात एक होतं. भोंग्याने मात्र लहानपणापासून बेकरीवाल्याच्या तोंडून ऐकलेला अर्थ घेतला. पिल्लांचं त्याला दवाखान्यातही कुणी सांगितलं नाही; मला उचलून त्याने माझं दार मासळी बाजाराच्या मागे उघडलं. आणि घरी येऊन अभिमानाने सांगितलं, "अशी जागा शोधली, काकू, की राणीसारखी राहील. मासेच मासे."

काकू अंगणात उभ्या होत्या. अंगणात पडलेल्या जुन्या धुलाई मशिनच्या ड्रममधून बारीक म्यांव म्यांव ऐकू येत होतं. कपड्यांच्या गोळा झालेल्या लवेवर तीन पिल्लं तोंडं उघडून आई शोधत होती.

 "मी पोचवायला सांगितलं होतं रे," काकू एवढंच म्हणाल्या. भोंगा ड्रमकडे पाहत राहिला. मग इतक्या बारीक आवाजात बोलला, की मला तो दुसराच कुणी वाटला. "आता, काकू?"

"आता आणायची. ती उपाशी नसेल, पण ही आहेत."

तिथे माशांचा सुकाळ. माझ्यातल्या तुकड्याकडे करडी ढुंकूनही पाहणार नव्हती, आणि एकदा फसलेलं मांजर पिंजऱ्याला ओळखतं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर युक्ती सांगितली. पिल्लांना कापडात गुंडाळून भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवलं आणि ते खोकं माझ्या मागच्या जाळीला अगदी चिकटवून, वरून दुसरी एक चादर घालून लावलं. पिल्लांपर्यंत पोचायचं, तर वाट माझ्यातूनच होती.

बाजार बंद झाला होता. ओल्या फरशीवर खवले चमकत होते. काकू आणि भोंगा पालथ्या टोपल्यांवर बसले. काकूंनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, कारण करडीने खाल्लं की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. भोंग्याने डबा आणला होता. तो त्यानेही उघडला नाही. पिल्लं थोडा वेळ ओरडली, मग थकून गप्प झाली. ती गप्प झाली तेव्हा काकूंनी डोळे मिटले आणि त्यांचे ओठ हलू लागले.

मग एका पिल्लाने पुन्हा एकदा हाक मारली.

टोपल्यांच्या ढिगामागून करडी आली. माझ्या दाराशी थांबली. तिने मला ओळखलं, हे मला कळलं. तिच्या अंगावरचा केस न् केस उभा होता. तिला पळता आलं असतं. ती पळाली नाही. पोट जमिनीला टेकवून ती माझ्यात आली, जाळीतून पंजा घालून खोक्याला लावला, आणि पट्टीवर पाय पडला.

दार पडलं. भोंगा उठला. त्याने आधी चादर टाकली. मग गुडघ्यांवर बसून माझ्या जाळीशी कुजबुजला, "चल ग आई. घरी पोचवतो तुला." अंगणात पिल्लं पुन्हा ड्रममध्ये ठेवली आणि ड्रमच्या तोंडाशी मला उघडलं. करडी आत गेली आणि म्यांव म्यांव थांबलं. तेव्हा काकू जेवल्या. दारात उभा राहून भोंगा म्हणाला, "पिल्लं खायला लागली की करडीला मीच नेईन, काकू. आणि मीच पोचवीन."

त्या दिवसापासून लॉन्ड्रीत "सोडून ये" कुणी म्हणत नाही. गिऱ्हाइकांचे कपडेसुद्धा पोचवतात.

पण पुढे काकू ओल्या फरशीवर घसरल्या आणि त्यांच्या पायाला प्लॅस्टर लागलं. लॉन्ड्रीचं सगळं काम भोंग्यावर आलं. मी अडगळीच्या खोलीत गेलो; माझ्यावर मोडके हँगर पडले, वर गाठोडी पडली. दाराच्या बिजागरीला गंज चढला. तिथल्या झरोक्यातून मला अंगण दिसे. पिल्लं आता स्वतः खाऊ लागली होती, आईच्या शेपटीशी खेळत होती. आणि भिंतीवर एक परका बोका येऊन बसू लागला होता. त्याचे सूर ऐकले की माझा जीव खालीवर होई. आणखी थोडे दिवस गेले असते, तर करडी पुन्हा हाडकुळी, पुन्हा कुडकुडणारी पिल्लं, पुन्हा तेच.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मुक्या जिवाला जेवू घाला, पण तिथेच थांबू नका. त्याचा पाळणा थांबवा आणि त्याला त्याच्या जागी परत आणा. कापलेल्या कानाचं मांजर दिसलं तर हाकलू नका, त्याच्यासाठी कुणीतरी उपाशी राहिलं असेल. आणि माझ्यासारख्या पिंजऱ्याला कधीतरी तेलाचा थेंब द्या. वेळेवर न पडणारं दार काय कामाचं?

आज सकाळी माझ्यावरचे हँगर कुणीतरी एकेक करून, आवाज न करता उचलले. बिजागरीत तेल पडलं. निळ्या काठाची चादर घडी करून माझ्यावर ठेवली गेली.

"जेवलास का रे?" आतून काकूंनी विचारलं.

"करडी जेवली की जेवीन," भोंगा हळूच म्हणाला.

मग त्याने चपला दाराशी काढल्या, मला छातीशी धरलं आणि चवड्यांवर चालत, श्वासाचाही आवाज न करता, तो अंगणाकडे निघाला.