कात्री

"जरा तोंड जवळ आणा. इतकं नाही. हां, आता काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही. सकाळी काय खाल्लं ते सांगा. सगळे तेच सांगतात."

"काही खाल्लं नाही," सिस्टर म्हणाली आणि तिचा आवाज रिकाम्या सभागृहाच्या पार शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ गेला.

माइक ठीक होता. आता माइकवाल्याला वर आपल्या काचेच्या खोलीत जायला हवं होतं, पण त्याचा पाय निघेना. उगाचच तो वायर सरळ करत राहिला.

"सिस्टर, तुमच्या त्या हॉस्पिटलात माझी मुलगी आहे." त्याने मुलीचं नाव सांगितलं.

"तिसरा वॉर्ड," ती लगेच म्हणाली. "खिडकीजवळ झोपते. स्वतःचा घास दुसऱ्याला देते आणि वर म्हणते, मला भूकच नाही. मी निघाले तेव्हा बरी होती."

त्याने टेबलाची कड घट्ट धरली. कित्येक महिन्यांत मुलीची ही पहिली बातमी होती. शेजारच्या देशात ताप पसरला आणि तिथल्या सरकारने ते अख्खं हॉस्पिटल बाहेरून बंद केलं, रोग्यांसकट आणि नर्सेससकट. फोन काढून घेतले. धुण्याच्या गाडीत चादरींखाली लपून ही एकटी सुटली. नर्सेसच्या संघटनेने सगळ्या देशांच्या या आरोग्यसभेत आपली बोलायची पाळी तिला दिली होती. इथे माइकवर जे बोललं जातं ते सभेच्या नोंदीत जातं, आणि ज्याचं नाव नोंदीत गेलं त्याला नाहीसं करणं मग तितकं सोपं राहत नाही.

"आज नावं घेणार ना?"

"सगळ्यांची. कागद इथल्या दारावरच काढून घेतला, पण पाठ आहेत. पहिल्या वॉर्डापासून, खाटेमागून खाट."

"माझ्या पोरीचं जरा आधी घेतलं तर..." बोलता बोलता त्याचीच त्याला लाज वाटली.

"काका, मधूनच उचललं की माझी गाडी अडते. मग पहिल्यापासून सुरू करावं लागतं. घाईत कुणीतरी राहून जाईल, आणि कोण राहिलं ते मलाही कळायचं नाही."

"नको, नको. तुमच्या क्रमानंच घ्या."

वर येऊन तो बटणांसमोर बसला. नोकरी लागल्यापासून त्याचं काम एकच होतं: वक्त्याला माइक द्यायचा आणि लाल दिवा लागला की काढून घ्यायचा. म्हणून सगळे त्याला कात्री म्हणत. घरी बायकोचं तोंड सुरू झालं की ती वर म्हणे, "कापा की आता माझा माइक, बघू!" तो बापडा मुकाट जेवायचा. खरं तर आजवर त्याने इथलं एक भाषणही ऐकलं नव्हतं. आवाज वरखाली झाला की डायलवरचा काटा हलतो, तो तेवढा बघायचा. आपल्या यंत्रात आजपर्यंत एकदाही बिघाड झाला नाही, हा त्याचा एकुलता एक तोरा होता आणि नव्या माणसाला तो चहाबरोबर हमखास ऐकवायचा.

सभागृहाच्या प्रमुख बाई आज त्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. एरवी त्या इकडे फिरकतही नसत.

"कात्री, संघटनांना दोन मिनिटं. वर एक सेकंद नाही. तिकडच्या मंत्रीसाहेबांच्या माणसांनी सकाळपासून फोन करून भंडावून सोडलंय मला."

"हो, बाई."

हो म्हणाला खरा, पण मनात पक्कं ठरलं होतं. लाल लागो नाहीतर आणखी काही लागो, आज कापायचं नाही. नोकरी गेली तर गेली. घरी बायको फोनवर सभेचं प्रक्षेपण लावून बसली होती. निघताना ती दारापर्यंत आली होती आणि एकही शब्द बोलली नव्हती, हेच त्याला जास्त लागलं होतं.

आधी त्या देशाचे मंत्री बोलले. "आमच्या परिचारिका स्वतःच्या इच्छेने तिथे थांबल्या आहेत. कुणालाही कोंडलेलं नाही." लाल दिवा लागून गेला तरी ते बोलतच राहिले आणि बाईंनी ब्र काढला नाही. मंत्र्यांच्या वेळी तो दिवा कुणालाच दिसत नसतो.

मग सिस्टरची पाळी आली. कुणीतरी शिकवून ठेवल्याप्रमाणे ती आभार मानत बसली. अध्यक्षमहोदय, सन्माननीय प्रतिनिधी, ही संधी दिल्याबद्दल... "पुरे गं बाई, पुरे," तो दातांतल्या दातांत पुटपुटला. शेवटी पहिला वॉर्ड सुरू झाला. नावामागून नाव. काट्याकडे बघायचं सोडून आज तो प्रत्येक नाव ऐकत होता. दुसरा वॉर्ड झाला. वेळ संपत आल्याचा पिवळा दिवा लागला. खाली मंत्र्यांचा एक माणूस उठून वर काचेकडे बघत हात हलवायला लागला.

"तिसरा वॉर्ड," सिस्टर म्हणाली.

"कापा," मागून बाई म्हणाल्या.

कापायचं नव्हतं. तरी अंगठा खाली गेला. इतकी वर्षं त्या एका शब्दाला तो जसा जात आला होता तसाच, मालकाला न विचारता.

दिवा अजून पिवळाच होता.

"शाबास," बाई म्हणाल्या.

खाली सिस्टरचे ओठ हलत होते. माइक गेल्याचं तिला कळलंच नव्हतं. नावं तिच्या तोंडातून निघत होती आणि टेबलापाशीच विरत होती. खिडकीजवळची खाट कितवी? झाली, की यायची आहे? आता पुन्हा चालू केलं तरी मधली गेली ती गेलीच, आणि त्यांत कोण होतं ते तो आयुष्यभर शोधत बसला असता. असल्या हातापेक्षा हात नसलेला बरा, असं त्याला वाटलं.

त्याच्यासमोर आणखी एक माइक होता, त्याचा स्वतःचा. त्यावर 'हॅलो, हॅलो' यापलीकडे तो कधी काही बोलला नव्हता. त्याने तो चालू केला.

"अध्यक्षमहोदय, वरून माइकवाला बोलतोय." सगळं सभागृह मान वर करून बघायला लागलं. "यंत्रात बिघाड झाला. चूक माझी आहे. बोलणाऱ्यांचा वेळ संपायच्या आतच माइक बंद पडला. नियमाप्रमाणे त्यांना पहिल्यापासून पूर्ण वेळ द्यावा लागतो."

मंत्र्यांचा माणूस तोंड उघडून उभा राहिला. पण बिघाडाविरुद्ध हरकत घ्यायची तरी कशी? अध्यक्षांनी पिवळ्या दिव्याकडे पाहिलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "वक्त्यांनी पुन्हा सुरुवात करावी."

"बिघाड? कसला बिघाड झाला?" त्याच्या माइकवर तळवा दाबत बाईंनी चिरक्या आवाजात विचारलं.

"हाताचा," तो म्हणाला.

त्याने सिस्टरचा माइक चालू केला. मग उजवा हात मांडीखाली घालून त्यावर दाबून बसला. शाळेत मास्तर हात बांधून बसवत तेव्हाही तो इतका ताठ बसला नसेल.

या वेळी सिस्टरने आभार मानले नाहीत. "पहिला वॉर्ड," म्हणाली आणि थेट सुटली. दुसरा झाला. तिसरा सुरू झाला. पिवळा दिवा लागला. आणखी काही नावं गेली आणि मग त्याच्या मुलीचं नाव आलं. अख्खं, आडनावासकट. त्यात मधलं नाव त्याचं होतं. या सभागृहात त्याला कात्रीशिवाय दुसरं नाव आहे हे तोवर कुणाला माहीत नव्हतं. खिशातला फोन थरथरला. बायकोच असणार. त्याला रडू कोसळलं, पण आवाज होऊ दिला नाही, कारण समोरचा त्याचा माइक अजून चालू होता. डाव्या हाताने त्याने तो बंद केला.

तिसरा वॉर्ड संपला आणि लाल दिवा लागला.

बाई वाकल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता, जवळजवळ विनवणीचा. "तुमच्या मुलीचं झालं ना? ऐकलं मी. आता तरी कापा. माझीही नोकरी आहे हो."

"चौथा वॉर्ड राहिलाय, बाई."

बटण बाईंच्याही हाताच्या अंतरावर होतं. त्या तशाच उभ्या राहिल्या. खाली लाल दिवा जळत होता आणि सिस्टर एकेक नाव घेत होती. दाबून दाबून त्याच्या हाताला मुंग्या आल्या होत्या. तरी त्याने तो मांडीखालून काढला नाही.