चवीची वही

“फोडणी जळकी?” गंगुबाईंनी वही टेबलावर आपटली. “एकवीस वर्षं रांधतंय मी, मॅडम. आजपातूर माझ्या फोडणीला कुणी नाव ठेवलं नाय. आनि ही कोन लागून गेली?”

शेट्येबाईंनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि वही जवळ ओढली. राजिवड्याच्या कुलसुम होडेकरची वही होती. तारखेपुढे वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आमटीस फोडणी जळकी. भात बरा.’ त्याच्या आदल्या दिवशी, ‘भोपळा शिजला नाही.’ त्याच्याही आदल्या दिवशी, ‘मीठ कमी. मुलांनी खाल्लं.’ आणि प्रत्येक ओळीपुढे सही होती, य. ना.

“ही कुलसुमची सही नव्हे,” शेट्येबाई म्हणाल्या.

“तेच तं सांगतंय मी. कोनतरी भायेरचं माणूस आपलं जेवन चापतंय आनि वर मलाच शिकवतंय.”

नाचणे गावातल्या त्या स्वयंपाकघरातून रोज चौदा घरांत डबे जात. चौदा घरं म्हणजे चौदा घरगुती पाळणाघरं. कुणाची आई बंदरावर कोळंबी सोलायला जायची, कुणाची काजूच्या कारखान्यात, कुणाची इस्पितळात पाळीवर. त्यांची मुलं शेजारपाजारच्या बायका आपापल्या घरी सांभाळायच्या आणि या मुलांचं दुपारचं जेवण हे स्वयंपाकघर चालवणारी संस्था पाठवायची. आठ मुलं असली तर वाटे नऊ, नववा सांभाळणारीचा. मुलांना वाढण्याआधी तिने स्वतः चव बघायची, वहीत शेरा लिहायचा आणि सही करायची, असा नियम होता. पोरांच्या पोटात काही वेडंवाकडं जायला नको, एवढाच त्यामागचा हेतू.

मृणाली शेट्ये जूनमध्ये डबे आणि वह्या तपासायच्या या कामावर आल्या. त्याआधी एकतीस वर्षं त्या अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका होत्या आणि त्या नोकरीने त्यांना दोन गोष्टी दिल्या होत्या : गुडघेदुखी आणि संशय. गुडघ्यावर निदान तेल तरी चोळता येत होतं. हजेरीपटावर चाळीस आणि सतरंजीवर अकरा मुलं त्यांनी इतक्या वेळा पाहिली होती, की एखाद्या घरी बारशाला गेल्या तरी त्यांची नजर आधी पंगत मोजायची. त्यांचे यजमान म्हणत, ही देवळात गेली तरी आधी नैवेद्य पुरेसा आहे का ते बघेल.

बाकीच्या तेरा वह्यांत महिनाभर एकच शेरा होता, ‘चव चांगली. मीठ योग्य.’ एकाच पेनाने, एकाच बैठकीत उरकलेला. त्या तेरा जणी महिन्याच्या शेवटी पाय पसरून वही भरतात, हे शेट्येबाईंना दिसत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. ती लबाडी ओळखीची होती. ही चौदावी वही मात्र त्यांना झोंबली. रोज वेगळा शेरा, रोज वेगळी शाई. एवढी मेहनत कुणी उगाच घेत नाही. काहीतरी लपवायचं असल्याशिवाय तर नाहीच.

“उद्या कुणाला कळवू नका,” त्या गंगुबाईंना म्हणाल्या. “मी जाऊन येते. बाहेरचं माणूस जेवताना सापडलं, तर होडेकरचं नाव यादीतून कमी करायचं.”

दुसऱ्या दिवशी साडेअकराला त्या राजिवड्यात रिक्षातून उतरल्या. मुद्दाम चार घरं अलीकडे. खाडीकडून सुकत घातलेल्या मासळीचा वास येत होता. कुलसुमचं दार उघडंच होतं. शेट्येबाईंनी वहाणा हातात धरल्या आणि आवाज न करता पायरी चढल्या. या वयात आपण चोरासारखं दुसऱ्याच्या घरात शिरतोय, हे त्यांच्या मनात आलं. पण चोर पकडायचा तर हे करावंच लागतं, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

ओटीवर आठ मुलं रांगेत बसली होती. शेट्येबाईंनी मोजली. आठच. प्रत्येकापुढे रिकामी ताटली होती आणि आठही जणांचे डोळे समोरच्या पाटाकडे लागले होते. पाटावर सत्तरीच्या पुढची एक म्हातारी बसली होती. धुतलेलं लुगडं, कपाळाला बारीकसं कुंकू, चापूनचोपून बसवलेले पांढरे केस. तिच्यापुढे मात्र ताट भरलेलं होतं. भात, वाटाण्याची उसळ, वरण, सगळं व्यवस्थित वाढलेलं. कुलसुम भिंतीला टेकून उभी होती.

म्हातारीने घास घेतला. डोळे मिटले. हळूहळू चावला. मुलं श्वास रोखून बघत होती.

“आजी, पास का नापास?” पुढची चार वर्षांची आफरीन न राहवून म्हणाली.

“दम खा गो,” म्हातारी डोळे न उघडता म्हणाली. मग गिळून, “मीठ बेताचं. वरान बरं हाय. वाटाने जरा कडक ऱ्हायलेत. उमेरला दात येतायत, त्येला चुरून दे, कुलसुम. बाकी पास.”

“पास, पास,” म्हणत मुलांनी ताटल्या वाजवल्या. कुलसुम वाढायला वळली आणि तिला दारात शेट्येबाई दिसल्या.

“मॅडम? तुमी? आवो, या तं. बसा.”

“बसायला नाही आले.” शेट्येबाईंची नजर त्या ताटावरून हलत नव्हती. म्हातारीने दुसरा घास घेतला होता, तिसरा कालवला होता. फुकटचं जेवायला आलेल्या माणसाने इतकं हळू आणि इतकं नीट जेवणं हे त्यांना नाटकी वाटलं. “या कोण?”

“यमुनाकाकी. यमुनाबाई नागवेकर. वरच्या वाडीतल्या. आमची चव बगतात.”

“बोर्डिंगात बावीस वर्षं साठ पोरांचं रांधलंय मी,” यमुनाबाई म्हणाल्या. स्वर बढाईचा नव्हता. नोकरीच्या ठिकाणी साहेबाला आपलं नाव-गाव सांगावं तसा होता. “तुमच्या त्या रांधनारनीला सांगा, मोहरी तडतडली का ग्यास बारीक करायचा. हात चांगला हाय तिचा, फकस्त घाई करते.”

शेट्येबाईंच्या मनात एकतीस वर्षांचे हजेरीपट फडफडले. त्यांना जे पकडायचं होतं ते समोर होतं, भरल्या ताटासकट.

“चव बघायला एवढं ताट लागतं?” त्या म्हणाल्या. “रोज इथंच जेवता का तुम्ही?”

त्यांनी हे ओरडून विचारलं नाही. कचेरीत विचारतात तसं साध्या आवाजात विचारलं. पण यमुनाबाईंचा हात ताटातच थांबला.

त्यांनी ताटाकडे पाहिलं. जणू ते किती भरलेलं आहे, हे त्यांना आत्ताच दिसलं. कालवलेला घास त्यांनी परत ठेवला, भाताला बोटांनी आकार देऊन कडेला सारला.

“जेवते?” त्या म्हणाल्या. “नाय, बाई. मी चव बगायला येतंय.”

यमुनाबाईंनी वाटीतल्या पाण्यात बोटं धुतली, पदराला पुसली. कोनाड्यातली वही काढली आणि मांडीवर ठेवून सावकाश शेरा लिहिला. सही केली. वही जागेवर ठेवली.

“काम झालं माजं,” त्या म्हणाल्या आणि भिंतीला धरून उठल्या. दारात शेट्येबाई उभ्या होत्या, वाट देण्यासाठी त्यांना सरकावं लागलं. जाताना यमुनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. चढणीवर त्यांची पाठ बराच वेळ दिसत राहिली.

कुलसुमने मुलांना वाढलं. उमेरला वाटाणे चुरून दिले. मग बाहेर पायरीवर आली आणि दार लोटून घेतलं.

“माजा वाटा हाय तो,” ती म्हणाली. “नववा. मुलांच्या तोंडचं काडून नाय दिलं मी कुनाला. डबा तुमी मोजून धाडता, ताटं तुमी मोजा. माजा वाटा मी कुनालाबी दीन.”

“मग वहीवर तिची सही कशाला? नियम आहे की तू—”

“रमजानात माजे रोजे, मॅडम. पानी तोंडात घालीत नाय, तं तुमची आमटी कशी चाकू? आनि न चाकता सही मी करायची नाय. खोटी सही, ती पन रोज्यात? म्हनून काकीला सांगितलं, महिनाभर तुमी बगा. तिनं काय केलं, पयल्याच दिवशी वही मागितली. शेरा मीच लिवीन म्हनाली.” कुलसुमने ओढणीने कपाळ पुसलं. “ईद झाली. मला वाटलं, आता काय येत नाय. दुसऱ्या दिवशी अकराला बगते तं पायरीवर उभी. केस विंचरलेले, धुतलेलं लुगडं. मला इचारते, गो, उशीर तं नाय ना झाला? आता तुमीच सांगा, काय बोलू मी तिला?”

शेट्येबाईंनी हातातल्या वहाणा पायरीवर ठेवल्या आणि पायांत सरकवल्या.

“घरात चूल पेटत नाय तिच्या रोज. वाडीत सगल्यांना ठावं हाय. कोन काय द्यायला गेला, तं दार लावून घेते. हितं येत होती, कारन हितं तिला काम होतं.”

“मला आधी सांगायचं होतंस,” शेट्येबाई म्हणाल्या.

“तिच्यासमोर?” कुलसुम म्हणाली आणि आत गेली.

रिक्षात बसल्यावरही शेट्येबाईंचं एक मन मानायला तयार नव्हतं. बायका गोष्टी रचतात. रोज्याची, म्हातारीची, उपाशीपोटाची. याहून सुरस गोष्टी त्यांनी ऐकल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच खोट्या निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुलसुमला फोन केला. यमुनाबाई आल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी केला. नव्हत्या. चौथ्या दिवशी कुलसुमनेच सांगितलं, की आफरीन जेवायला बसत नाही, आजीने पास केल्याशिवाय खाणार नाही म्हणते. त्या दिवशी शेट्येबाईंनी स्वतःचा डबा अर्धाच खाऊन बंद केला. चूक झाली होती. ती निस्तरण्याची त्यांना एकच रीत माहीत होती. त्यांनी पत्र टाइप केलं, संस्थेचा शिक्का मारला आणि पाचव्या दिवशी दुपारी राजिवड्याची चढण चढल्या.

घर म्हणजे चिऱ्याची एक खोली आणि पुढे सारवलेलं खळं. यमुनाबाई उंबऱ्यात बसून केरसुणीसाठी माडाच्या झावळीचे हीर सोलत होत्या. शेट्येबाईंना बघून त्या उठल्या, डोक्यावर पदर घेतला.

“या, बाई. आत या. ऊन हाय.”

जणू मागचं काही घडलंच नव्हतं. शेट्येबाई आत चटईवर बसल्या आणि त्यांनी पत्र पुढे केलं. “संस्थेला चव तपासायला जाणतं माणूस हवं आहे. राजिवड्याच्या पाळणाघरासाठी. तुमच्या नावाचं पत्र आहे.”

यमुनाबाईंनी ते उजेडाकडे धरून वाचलं. ओठ हलवत, एकेक शब्द. दोनदा वाचलं. शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग घडीवर घडी घालून परत दिलं.

“पत्र नव्हतं तवा मी कामाला येत होते,” त्या म्हणाल्या. “आता पत्र आनलंत, म्हंजी मी जेवायलाच येत होते.”

“तसं नाही हो, यमुनाबाई. माझं चुकलं. मी तसं विचारायला नको होतं.”

“तुमी तुमचं काम केलंत. तपासनीस मानसानं इचारायलाच पायजे.” त्या खरंच रागावलेल्या नव्हत्या. शेट्येबाईंना वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “पन आता जमायचं नाय. मला बी घरात कामं असतात. तुमच्या रांधनारनीला सांगा, वाटाने राती भिजत घाल म्हनावं.”

आफरीनचं सांगावं असं शेट्येबाईंच्या तोंडाशी आलं होतं, पण त्यांनी सांगितलं नाही. लहान मुलीला मध्ये घालून म्हातारीला ओढून नेण्यासारखं ते झालं असतं. त्या उठू लागल्या.

“अशा कशा जाताय? दुपारच्या वेळंला आलाय. बसा.”

“नको, मी जेवून—”

“बसा म्हनते ना.”

यमुनाबाई चुलीकडे वळल्या. चूल सकाळची विझलेली. तिच्यावरचं एकुलतं पातेलं त्यांनी उतरवलं आणि ताटलीत पेज ओतली. पातेलं तिरपं केलं, कडेचं पळीने खरवडलं, तळाची शितं ताटलीत झटकली. बरणीतली लोणच्याची फोड वर ठेवली. ताटली शेट्येबाईंपुढे आली.

जन्मभर माणसं आणि वाटे मोजणारे डोळे त्या मिटू शकल्या नाहीत. त्या घरात माणसं दोन होती आणि वाटा एक होता. तो त्यांच्यापुढे होता.

नको म्हणावं, तर तुमच्याकडे दुसरं नाही हे मला दिसलं, असं सांगण्यासारखं होतं. अर्धं ठेवावं तरी तेच. चार दिवसांपूर्वी त्यांनी एका प्रश्नाने या बाईच्या हातातला घास खाली ठेवायला लावला होता. आज पुन्हा तेच करायची त्यांची छाती नव्हती. त्यांना रडू येत होतं आणि इथं रडणं हाही अपमानच झाला असता.

शेट्येबाईंनी ताटली उचलली. पेज कोमट होती. त्या हळूहळू जेवल्या. फोड चोखली, कडेची शितं बोटाने निपटून घेतली, खाली काही राहू दिलं नाही. यमुनाबाई समोर भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि लक्षपूर्वक, समाधानाने बघत होत्या.

शेवटचा घोट झाला तशा त्या पुढे सरकल्या आणि पातेल्यावर झाकण नीट बसवत म्हणाल्या, “आनखी वाडू?”

“नको,” शेट्येबाई म्हणाल्या. “पोट भरलं.”