मागचं डावं सिलिंडर

"आता बसतेस, की टेसीच्या लग्नालाच निघायचं?" डॅडी चालकाच्या उंच सीटवरून ओरडले.

मी माझ्या लेकीच्या, टेसीच्या लाइफ जॅकेटचा पट्टा पुन्हा एकदा ओढून पाहिला. खरं तर मला आजचं आमंत्रणच नव्हतं. आजोबा आणि नात, दोघांनीच दलदलीतल्या कॅम्पवर राहायला जायचं ठरलं होतं. ऐन वेळी मी बूट चढवून धक्क्यावर आले.

"तुला कुणी वाढवलं गं याच बोटीवर?"

"तुम्हीच. पण तेव्हा आई असायची."

त्यांनी कानांवर हेडफोन दाबले आणि इंजिन सुरू केलं.

आमची एअरबोट म्हणजे मागे मोठा पंखा लावलेली होडी; तिचं इंजिन विमानाचं, वाऱ्यानेच थंड होणारं. आकाशात त्याला हवा तेवढा वारा. इथे मात्र करवती गवतातून आणि उन्हाळ्यात तर नुसत्या चिखलावरून सपाट होडी ढकलायची. सिलिंडरचं डोकं फार तापलं, की तडा जातो आणि माणूस मगरींच्या शेजारात अडकून पडतो. म्हणून तापमानाचा काटा डॅडींनी आपल्या सीटपुढच्या खालच्या बाकासमोर, आईच्या गुडघ्याशी बसवला होता. त्या आवाजात बोलणं अशक्य. काटा चढायला लागला, की आई मागे हात नेऊन त्यांच्या बुटावर एक थाप मारायची. दोन थापा म्हणजे आत्ता थांब. जमिनीवर दोघांचं दिवसभर वाजायचं, पण त्या थापेचा शब्द त्यांनी कधी मोडला नाही. संध्याकाळी बेडकांच्या तंगड्या तळताना ती म्हणायची, "हॉयट माझं ऐकतो, पण फक्त पायाने!"

मी तिच्या मांडीवर बसलेली असे. तिच्या गवती टोपीची दोरी हनुवटीखाली घट्ट, ओठाच्या कोपऱ्यात जिभेचं टोक, आणि नजर काट्यावर. दोन्ही बाजूंनी बगळ्यांचे थवे उठायचे. तिने एकही बगळा कधी धड पाहिला नसेल. तेव्हा मला तिची कीव यायची. आता टेसीला ताप आला, की मीही थर्मामीटर घेऊन तशीच बसते.

आज त्याच बाकावर मी टेसीला घेऊन बसले होते. पाणी फार खाली गेलं होतं. तलावापलीकडे गवत दाट झालं, तळ चिखलाला घासू लागला, इंजिन कण्हू लागलं. काटा मात्र हिरव्या पट्ट्यात आरामात. मला आधी बरं वाटलं, मग वाटेना. इतक्या कष्टात तो चढायलाच हवा होता. अंगात ताप असलेलं लेकरू हाताला गार लागावं, तसं काहीतरी. तेवढ्यात भाजलेल्या रंगाचा वास आला.

मी टेसीला एका हाताने कवटाळलं आणि डॅडींच्या बुटावर दोनदा थाप मारली.

बूट तत्क्षणी ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला. त्यांनी बोटीचं नाक वाऱ्याकडे वळवलं, इंजिन हळू फिरू दिलं, मग बंद केलं. कान दुखावेत अशी शांतता झाली.

"काटा चढला?"

"नाही. म्हणूनच."

मी मागे गेले. इंजिनचे स्पार्क प्लग नवेकोरे होते. प्लगखाली बसते ती, काट्याला तापमान कळवणारी तांब्याची कडी मागच्या डाव्या सिलिंडरवर असायला हवी. तिथे वारा सर्वांत कमी पोचतो. ती पुढच्या सिलिंडरवर होती, सगळ्यांत गार असलेल्या.

"प्लग तुम्ही बदललेत, डॅडी?"

"मग काय मगरीने बदलले?"

"कडी पुढे लागलीय."

त्यांचा हात वायरीवरून चाचपडत गेला. डोळे मात्र भलतीकडेच होते. कडीशी येऊन बोटं थांबली.

"मुद्दामच लावली," ते म्हणाले. मग बोटं मागे घेत, "नाही गं. मधलं दिसत नाही मला. कडेकडेचं दिसतं. बगळे दिसतात."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर हिला पाठवलं असतंस माझ्याबरोबर?"

"नाही."

"झालं तर मग."

इंजिन निवेपर्यंत आम्ही गार झालेला तळलेला कॅटफिश आणि मक्याची भाकरी खाल्ली. टेसीने आजोबांना काटे काढून द्यायला लावले. त्यांनी ते बोटांनी काढले, एकही न चुकता. मी मात्र तिचा प्रत्येक घास पुन्हा तपासला. त्यांना ते कडेने दिसलं असणार.

मग पाना माझ्या हातात देऊन ते शेजारी उभे राहिले. "हळू. फार आवळू नकोस, आटे जातील." मी कडी मागे लावली. हात पुसून त्यांची वाट मोकळी केली.

ते उंच सीटकडे गेलेच नाहीत.

"चालवता येतं ना अजून, की कॉलेजात विसरलीस?"

"येतं."

"डावीकडून घे. गवत दाट लागलं, तरी पाय काढू नकोस, रुतशील."

मी वर चढले. वरून दलदल फारच मोठी दिसत होती. खाली डॅडी टेसीशेजारी बाकावर टेकले आणि बाकाचा पट्टा कमरेभोवती घेतला. तो पुरेना. पट्टा अजून आईच्या कमरेच्या मापाचाच होता. त्यांनी बकल मांडीवर घेतलं आणि खाली मान घालून, घाई न करता, पट्टा बोटाबोटाने सैल करत राहिले. त्यांचं होईपर्यंत मी इंजिन सुरू केलं नाही.