पाऊण इंच

रविवारचं मटण संपलं तसं डॅरिलने ताटं बाजूला सारली आणि दूध पावडरचा जुना डबा टेबलावर उपडा केला. पाइपांचे एल्बो, टी, सॉकेट खळखळत म्हाताऱ्या आल्फच्या पुढ्यात आले.

"पाच देतो, डॅड. पाचही मापं बरोबर सांगितलीस तर बोअरवरच्या खोलीत राहा, तिकडची पाइपलाइन सांभाळ. एक जरी चुकलं तर लाँगरीच."

लाँगरीच गाव म्हणजे तिथला वृद्धाश्रम, हे आल्फला वेगळं सांगायला नको होतं. त्याची बॅग सुनेने, जॅनिसने, कालच भरून ठेवली होती.

त्याच्या नजरेच्या मधोमध करडा डाग बसला होता, कडेकडेचं तेवढं त्याला दिसायचं. पण फिटिंग तो डोळ्यांनी कधी मोजतच नसे. मोजपट्टी लावणारा फसतो, असं त्याचं म्हणणं. एक इंची फिटिंगवर एक इंच कुठेच सापडत नाही, ते आतल्या पोकळीचं जुनं नाव आहे. तर्जनी घट्ट बसली की अर्धा इंच, अंगठा बसला की पाऊण. त्यापुढच्या मापांचे आटे जाडे असतात, ते नखाखाली लगेच कळतात.

"एक इंची टी," तो म्हणाला. मग, "दीडचा एल्बो." पुढची दोनही बरोबर आली.

"आंधळी कोशिंबीर छान खेळता हं, आल्फ," जॅनिस म्हणाली.

पाचवं पितळी सॉकेट होतं. त्याने आतून नख फिरवलं. आटे बारीक. म्हणजे अर्धा किंवा पाऊण. दोघांचे आटे सारखेच बारीक, तिथे नखाचं काही चालत नाही. त्याने तर्जनी आत घातली. ती सांध्यापर्यंत गेली आणि घट्ट बसली.

"अर्धा."

जॅनिस नाकातून हसली.

"पाऊण," डॅरिल म्हणाला.

"काहीतरीच."

"बघ की नीट. अरे हो, बघता येत नाही, नाही का."

आल्फच्या ध्यानात आलं. थंडीपासून बोटांचे सांधे सुजले होते. जन्मभर वापरलेलं मापच जाडं झालं होतं. "संधिवात आहे रे. थांब, अंगठा लावतो." त्याने बोट ओढलं. बोट निघेना.

"साबण दे गं, जॅनिस."

ती उठली. "बस खाली," डॅरिल तिला म्हणाला. मग बापाकडे वळला. "मी सात वर्षांचा होतो. एक माप चुकलो म्हणून तू माझ्या बोटात सॉकेट ठोकलंस आणि मला टाकीपाशी उन्हात उभं केलंस. आई गावातून येईपर्यंत."

"मला नाही आठवत."

"तुला कशाला आठवेल."

"पण शिकलास की," आल्फ म्हणाला. त्याला खरोखरच कौतुक वाटत होतं.

डॅरिलने गाडीची किल्ली उचलली. "चल. उद्यापर्यंत कशाला थांबायचं."

"अरे, निदान ते काढून तरी..." जॅनिस म्हणाली.

"तिकडे नर्स आहेत. त्यांच्याकडे साबण असतो."

गाडीत आल्फने हात मांडीवर उताणा ठेवला. बोट ठणकत होतं, पितळ तापत होतं. तो बराच वेळ विचार करत राहिला. कुंपणाचं शेवटचं फाटक दिसू लागलं तेव्हा म्हणाला, "डॅरिल, ऐक. बोट एवढं सुजलंय. अर्धा असता तर ते नखापुढे गेलंच नसतं. म्हणजे हे पाऊणच."

"हो."

"आता बरोबर सांगितलं मी."

"अगदी बरोबर, डॅड," डॅरिल म्हणाला आणि फाटक उघडायला खाली उतरला.