सात बिटांचा रस्ता

दादाचा तिसरा फोन. "अगं, फाइल उघडतच नाही! डॉक्टर ऑपरेशनसाठी हात धुवायला गेलेत."

दादाच्या गावच्या हॉस्पिटलात वहिनी होती; तिचं अपेंडिक्स फुटलं होतं, थांबणं शक्य नव्हतं. भुलीचं कुठलं औषध तिच्या जिवावर उठतं ते मी काम करते त्या हॉस्पिटलच्या जुन्या रिपोर्टात होतं. दादाला नाव आठवेना. फोनवर सांगायचं नाही, हा रेकॉर्डवाल्यांचा नियम. त्यांनी दोनदा मेल केली, दोनदा मोडकी पोचली.

हॉस्पिटलची मेल मी सांभाळते. मी दादाकडून मोडकी फाइल मागवून पाहिली आणि डोकं सटकलं. वाटेतला एखादा म्हातारा सर्व्हर प्रत्येक अक्षराच्या आठ बिटांपैकी, म्हणजे शून्य-एकच्या खुणांपैकी, सातच पुढे सोडतो, आठवा छाटतो. म्हणून फाइल निघण्याआधी सात बिटांतच मावणाऱ्या साध्या अक्षर-आकड्यांत बांधायची असते. मेल एक तृतीयांशाने फुगते, पण धड पोचते. आमच्या सर्व्हरवर ही बांधणीच बंद होती.

साहेबांच्या केबिनमध्ये घुसले. "बांधणी कुणी बंद केली?"

"मी. सोमवारी. डिस्क भरत होती. चाचणी केली होती हं."

"कुठे पाठवून?"

"शेजारच्या टेबलावर."

"त्याच सर्व्हरवर! या खोलीतून त्या खोलीत! त्यात कोण काय छाटणार, कप्पाळ?"

"आवाज खाली, बाई. बदलायचं तर अर्ज द्या, समिती बसेल."

"बसू द्या. माझी वहिनी आडवी पडलीय."

मी जागेवर आले, बांधणी चालू केली, रेकॉर्डवाल्यांना ओरडून सांगितलं, "पुन्हा पाठवा!" साहेब मागे उभे राहून मेमोची भाषा करत होते. मी दादाचा फोन पुन्हा कानाला लावला.

"आली," तो म्हणाला. मग, "उघडली. डॉक्टर वाचतायत."

मी खुर्चीची कड धरून उभी.

"तेच औषध गं. सुई भरून ठेवली होती. ओतून टाकली. आता दुसरं देतायत."

मी खुर्चीत बसले.

साहेबांनी घसा खाकरला. "झालं ना तुमचं काम? आता करा पूर्ववत."

मी सोमवारपासूनची यादी उघडली. बाहेर गेलेले रिपोर्ट, दोनशे बारा. वहिनीसाठी ओरडायला मी होते. यांच्यासाठी कोण होतं?

"साहेब, खुर्ची ओढा," मी म्हणाले. "यादीतल्या वरच्या शंभरांना तुम्ही फोन करा, उरलेल्यांना मी. फाइल उघडली का, एवढंच विचारायचं. नाही म्हणाले की मला सांगा, मी पुन्हा पाठवते."

ते हलले नाहीत. मी पहिला नंबर लावला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.